फोन नको, नोंद पाहिजे

पोलीस आणि लोकप्रतिनिधी यांच्यात समन्वय वाढला पाहिजे. हे वाक्य वसई-विरारमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानात शिरत नाही, कानावर आपटून खाली पडतं. गणपती आले की हे वाक्य. जयंती आली की हे वाक्य. कुठे दगड पडला, कुठे कोणाचं डोकं फुटलं, की दुसऱ्या दिवशी एक पांढऱ्या कपड्यातला आणि एक खाकी कपड्यातला शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतात, मधे पुष्पगुच्छ, समोर सतरंजीवर आपण, आणि समन्वय.

मी म्हणतो, समन्वय कमी आहे कुठे? ढीगभर आहे. रात्री दोनला आहे, पहाटे चारला आहे. साहेबांचा फोन जातो, साहेबांचा फोन येतो. पोरगं सुटतं, पोरगं आत जातं. टपरी उठते, टपरी बसते. सगळा कारभार तोंडी. आणि या बोलण्याचा एक चिटोरा कोणाकडे नाही. माझं भांडण आहे ते या चिटोऱ्यासाठी.

कोणाचा आवाज किती लवकर पोचतो ते आधी बघू.

१८ मार्च २०१३. वांद्रे-वरळी सागरी सेतू. नालासोपाऱ्याचे तेव्हाचे आमदार क्षितिज ठाकूर यांची गाडी एका सहायक पोलीस निरीक्षकानं अडवली. कारण वेगाचं. बाचाबाची झाली. दुसऱ्या दिवशी तोच अधिकारी विधान भवनात आला, आणि तिथल्या आवारात आमदारांनी त्याला मारहाण केल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. पाच आमदार निलंबित झाले. हे पाच कोणत्या पक्षांचे ते मोजा. बहुजन विकास आघाडी, मनसे, भाजप, शिवसेना. चार पक्ष! एरवी एकमेकांच्या आयाबहिणी काढणारे चार पक्ष एका गाडीच्या पायी एकाच यादीत आले. त्या फौजदाराची वकिली करायला मी बसलो नाही. खाकीनं आपल्या पाठीवर काय काय लिहिलंय ते शर्ट काढल्यावर दिसतं. मी एवढंच विचारतो, वस्तीतल्या एका बाईची फिर्याद लिहून घेतली नाही म्हणून चार पक्षांचे पाच आमदार एका दिवशी तापलेले कोणी पाहिलेत का?

त्याच्या चार महिने आधी, नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे वारले, मुंबई बंद. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या एका मुलीनं बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्याला लाइक केलं. शिवसेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्यानं तक्रार केली आणि दोघींना अटक. आमदार नाही, खासदार नाही, पदाधिकारी. त्याचा शब्द ठाण्यात पोचायला किती वेळ लागला? देशभर बोंब झाली तेव्हा ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. ज्या ६६ अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयानं २०१५ ला घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं. म्हणजे कलमच मुळात टिकणारं नव्हतं, पण तक्रारदार वजनाचा होता.

आणि १९ नोव्हेंबर २०२४. मतदानाच्या आदला दिवस. विरारच्या एका हॉटेलात भाजपचे विनोद तावडे, आणि त्यांना घेरून हितेंद्र ठाकूर, क्षितिज ठाकूर नि त्यांचे कार्यकर्ते. पैसे वाटल्याचा आरोप, आरोपाचा इन्कार. खरं-खोटं ते जाणोत. पण पोलीस आले, निवडणूक अधिकारी आले, कॅमेरे आले, आणि त्याच दिवशी गुन्हे दाखल झाले. त्याच दिवशी! म्हणजे पोलिसांचं पेन चालतं. शाई असते. कागद असतो. ठाणे अंमलदार राउंडला गेलेला नसतो.

आता आपल्या वस्तीतलं. ठाण्याचं नाव लिहीत नाही, नगरसेवकाचंही नाही. टँकरच्या रांगेत हंड्यावरून बोलाचाली झाली. पलीकडच्या चाळीतल्या एकानं आमच्या मावशीला जातीवरून शिवी दिली, ढकललं, हंडा लाथेनं उडवला. चाळीस माणसांच्या देखत. मी सेकंड शिफ्ट करून आलो तर वस्ती जागी. सात-आठ जण ठाण्यात गेलो. अंमलदारानं मावशीकडे न बघताच विचारलं, लागलंय का कुठं? नसेल तर एनसी घेतो. जातीवरून बोलला म्हणता, साक्षीदार कोण? तुमचेच ना? दीड तास बाकड्यावर. मग आमच्यातल्याच एका शहाण्यानं माजी नगरसेवकाला फोन लावला. पाच मिनिटांत जादू. खुर्च्या आल्या, पंखा फिरला, चहा आला. जे वरिष्ठ साहेब राउंडला गेले होते ते आतल्या खोलीतून बाहेर आले. समोरच्या माणसाला बोलावून घेतलं. सगळ्यांदेखत त्याला चार शिव्या घातल्या, मावशीच्या पाया पडायला लावलं, आणि रात्री एकला आम्ही जिंकल्यासारखे बाहेर पडलो. रिक्षात बसताना मावशी म्हणाली, “चा पाजला रं, पर लिवलं काय?”

काय लिवलं? काही नाही. एफआयआर नाही. एनसी नाही. स्टेशन डायरीत ओळ नाही. उद्या त्या माणसानं परत हात उचलला तर तो पहिल्यांदाच उचलतोय असं धरलं जाईल. नोंद झाली ती एकच, आणि ती त्या माजी नगरसेवकाच्या डोक्यात: या वस्तीचं काम केलं, या वस्तीची मतं आपली.

मी लूमवर उभा राहणारा माणूस. आमच्याकडे धागा तुटला की यंत्र आपोआप थांबतं, कापड पुढे सरकत नाही. ठाण्यात धागा पहिल्याच टेबलावर तुटतो आणि यंत्र धडाधड चालूच राहतं.

अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. २०१५ ला त्यात दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. त्यातलं कलम ४ पोरांनो पाठ करा, गाणी पाठ करता तसं. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घ्यायची, सही घेण्याआधी ती वाचून दाखवायची, गुन्हा नोंदवायचा, नोंदीची प्रत फिर्यादीला लगेच द्यायची. हे सगळं अधिकाऱ्याचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलंय. मुद्दाम कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष कैद. (यात एक पाचर मारलेली आहे, खात्याच्या चौकशीची शिफारस लागते. म्हणजे पोलिसाची चूक पोलिसानं मान्य केली पाहिजे.) सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ ला सांगून ठेवलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर बंधनकारक. या कायद्यात, या निकालात, नगरसेवकाचा फोन आल्यावर असं कुठेही लिहिलेलं नाही.

नगरसेवक पोलिसाचा लागतो कोण? कायद्यानं कोणी नाही. पोलीस गृहखात्याचे. महानगरपालिका १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमावर चालते. नगरसेवकाला फौजदाराची बदली करता येत नाही, त्याला हुकूम देता येत नाही, त्याचा पगार कापता येत नाही. मग फोन चालतो कशाच्या जोरावर? देवाणघेवाणीच्या. ठाण्याला पाहिजे असतो वस्तीला गप्प करून घरी पाठवणारा माणूस. नगरसेवकाला पाहिजे असतं वस्तीवर वजन. त्याच्या शब्दानं तुमचं पोरगं सुटतं म्हणजे त्याच्या शब्दानं ते आतही जाऊ शकतं, हे तुम्हाला न सांगता कळतं. या दोघांच्या व्यवहारात आपण नाणं आहोत. नाण्याला कोणी विचारत नाही की तुला कुठं जायचंय.

आता तारखा बघा. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून ३ जुलै २००९ ला ही महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत सव्वाबारा लाखांच्या आसपास माणसं, आणि त्यांचे ११५ नगरसेवक. जून २०२० ला सभागृहाची मुदत संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक बसला. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. पोलिसांची ताकद वाढायला आणि सभागृहाला कुलूप लागायला एकच साल. ते कुलूप १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत होतं. साडेपाच वर्षं.

आयुक्तालय म्हणजे नुसती नवी पाटी नव्हे. पूर्वी तडीपारीचा प्रस्ताव प्रांताकडे जायचा. शांततेचा बाँड घ्यायचा तर महसूलच्या साहेबापुढं उभं करायचे. आयुक्तालय आलं की हे अधिकार खाकीतच राहतात. पकडणारा पोलीस, प्रस्ताव करणारा पोलीस, बाँड घेणारा सहायक आयुक्त, तडीपार करणारा उपायुक्त. मनाई आदेश काढणाराही पोलीसच. दोन वर्षांपर्यंत माणसाला घरापासून तोडता येतं. प्रांत-तहसीलदार काही आपले मामा नव्हते, त्यांनीही डोळे मिटून सह्या केल्यात. पण दोन दारं होती, त्याचं एक झालं. एवढी मोठी गोष्ट घडली आणि त्यावर महासभेत एक प्रश्न विचारायला एक निवडून आलेला माणूस जागेवर नव्हता.

पण फोन बंद झाले का? बिलकूल नाही. माजी नगरसेवकांचे फोन धडधडीत चालू होते, उलट जास्त. इथंच सगळं उघडं पडतं. म्हणजे या फोनला निवडून येणं लागतच नाही! लोकांनी दिलेला अधिकार संपला तरी फोन चालतो. मग तो लोकांचा आवाज कसा? तो वशिला आहे. वशिल्याला मुदत नसते, मतपेटी नसते, जाब नसतो.

कागदावरचा पत्रव्यवहार महापालिका आणि पोलीस यांच्यात नसतो असंही नाही. असतो. बंदोबस्त मागायला. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत उच्च न्यायालयाच्या आदेशानं ४१ इमारती पाडल्या, २०२५ च्या सुरुवातीला ते काम पुरं झालं. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर. पोलीस आले, जेसीबी आले, तारखेवर आले. जागा होती डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव. तिच्यावर ४१ इमारती चढत होत्या तेव्हा ही पत्रं कोणत्या कपाटात होती? आणि प्रकरणात आरोपी म्हणून नाव कोणाचं, तर एका माजी नगरसेवकाचं. विरारमध्ये ऑगस्ट २०२५ ला इमारत कोसळून १७ माणसं गेली. इमारतीचं नाव रमाबाई अपार्टमेंट. इमारत अनधिकृत.

लोकप्रतिनिधींना पोलिसांना जाब विचारायला कायद्यानं दिलेलं दार आहे. उघडं आहे. त्या दाराशी गर्दी नसते.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम १७: जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी. सदस्य कोण? जिल्ह्यातले खासदार, आमदार, पोलीस अधीक्षक, आपल्या समाजांतले अधिकारी, बिनसरकारी सदस्य. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक झालीच पाहिजे. किती गुन्हे नोंदले, किती तपासावर, पीडितांना पैसे मिळाले का, अधिकाऱ्यांनी काम केलं का, हे तिथं विचारायचं. पालघर जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर या चार आदिवासींसाठी राखीव, नालासोपारा आणि वसई खुल्या. लोकसभेची जागाही राखीव. ही सगळी मंडळी या टेबलावर बसायची हक्कदार. फोन करायची गरज नाही, समोरासमोर विचारता येतं, आणि विचारलेलं इतिवृत्तात उतरतं. म्हणूनच तिथला आवाज बारीक होत असेल.

त्यात आपल्या शहराचं दुहेरी त्रांगडं. जिल्हाधिकारी पालघरला. पोलीस आयुक्त मीरा रोडला, तो ठाणे जिल्हा. आयुक्तालय दोन जिल्ह्यांत पाय टाकून उभं, मधे वसईची खाडी. विरारच्या बाईनं उत्तरेची गाडी पकडायची की दक्षिणेची? आणि नगरसेवक? त्याला नियम १७ च्या समितीत खुर्चीच नाही. ज्याचा फोन रोज ठाण्यात वाजतो तो कागदावर कुठंच नाही, आणि जो कागदावर आहे तो आमदार वस्तीत पाच वर्षांतून एकदा.

दुसरं दार महापौराचं. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात हुकूम दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावा, आवाजासकट, कोठडीत, व्हरांड्यात, अंमलदाराच्या खोलीत, आणि चित्रण सांभाळून ठेवा. त्यावर देखरेखीला जिल्हा पातळीवर समिती. त्या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि चौथा जिल्ह्यातल्या शहराचा महापौर. ग्रामीण भाग असेल तर जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. वाचलंत? निवडून आलेल्या शहरी माणसाला पोलीस ठाण्याच्या आत बघायची खुर्ची देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयानं दिली. आणि तो हुकूम झाला तेव्हा वसई-विरारला महापौर नव्हता. पुढं पाच वर्षं नव्हता. आता सभागृह परत आलंय. ११५ जणांनी हार घातले, फटाके फोडले, रिक्षा स्टँडवर बॅनर लागले. त्यातल्या किती जणांना ही खुर्ची माहीत आहे? जाऊन विचारा. मी विचारलंय. एक जण म्हणाला, कॅमेऱ्याचं टेंडर आहे का?

ही खुर्ची चैनीची नाही, ते परभणीनं दाखवलं. १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आंदोलन, मग वस्त्यांत घुसून धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. मुख्यमंत्री नागपूरच्या अधिवेशनात उभे राहून काय म्हणाले? मारहाण झाली नाही, सीसीटीव्हीत तसं दिसत नाही. पोलिसांनी लिहून दिलं, सभागृहात वाचलं गेलं. हा बघा पोलीस आणि लोकप्रतिनिधी यांच्यातला संवाद, एकदम सुरळीत! शवविच्छेदनानं अनेक जखमा सांगितल्या. आई उच्च न्यायालयात गेली, बाळासाहेब आंबेडकर तिच्या बाजूनं उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही तो आदेश टिकला. सात महिने लागले पोलिसांविरुद्ध एक एफआयआर लिहायला सांगायला. त्या आईनं कोणा नगरसेवकाला फोन लावून मिटवून घेतलं असतं तर? मिटवायला आले नसतील असं समजू नका.

कोणी म्हणेल हे कारकुनी वेड झालं, क्रांती कागदानं होत नाही. मग महाड काय होतं? १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे खुले करा. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव लिहिला. लिहिला आणि झोपली. बाबासाहेब २० मार्च १९२७ ला त्या ठरावावर पाय ठेवून तळ्यात उतरले. हल्ला झाला, डोकी फुटली. पण खटला उभा राहिला आणि जून १९२७ मध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सजा झाली. ऑगस्टात त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. सनातन्यांनी दावा लावला. दहा वर्षं बाबासाहेब तो दावा लढले आणि मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकले. आता विचार करा. नगरपालिकेनं ठराव लिहिला होता म्हणून तिला तो मागं घ्यावा लागला, आणि मागं घेतला म्हणून शंभर वर्षांनी आपण तिचं तोंड काळं करू शकतो. फोन मागं घ्यावा लागत नाही. फोन केलाच नव्हता, एवढं म्हटलं की झालं.

आणि आपण तर सोपाऱ्याचे. १८८२ ला भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात निघाला, नवव्याचा १९५६ ला भुईगावात. (१९५६. वर्ष बघा.) आठव्या लेखात काय आहे? राजा शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रेला निघतो, गावोगावच्या माणसांना भेटतो, बोलतो. आणि हे दगडावर कोरतो, लोकांच्या बोलीत, बंदरावर येणारा-जाणारा कोणीही वाचील असं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या मातीत राज्यकर्ता लिहून बोलत होता. आज इथल्या नगरसेवकाला लेटरहेडवर दोन ओळी लिहायच्या म्हटलं की दरदरून घाम फुटतो.

राखीव जागेवरच्या आपल्या माणसांचं वेगळं काढून बोलतो. कांशीरामांनी १९८२ ला चमचायुग लिहिलं तेव्हा वाईट वाटून घेणारे पुष्कळ होते, ते युग संपलंय असं मला वसई स्टेशनपासून विरारपर्यंत कुठं दिसत नाही. आपला नगरसेवक पक्षाच्या बैठकीत शेवटच्या रांगेत आणि ठाण्यात पहिल्या खुर्चीवर. त्याला पहिली खुर्ची का मिळते? आपल्याला घरी पाठवतो म्हणून. चार सदस्यांचा प्रभाग, त्यात तो एक. बाकी तिघांना तक्रार गेली की ते म्हणतात, तुमच्या माणसाकडं जा. तो म्हणतो, मिटवून टाकू, आपलीच पोरं आहेत दोन्हीकडची. अरे, दोन्हीकडची पोरं तुझी असतील, शिवी मात्र एकीकडचीच होती!

एक हरकत मात्र खरी आहे आणि तिच्यावर हसायचं नाही. रात्री दोनला पोरगं उचलून नेलंय, आई ठाण्याबाहेर फुटपाथवर बसलीय. तिला मी कलम ४ सांगू? तिनं फोन करावा. ज्याला करता येईल त्याला करावा. आतल्या पोराला मार बसण्याआधी जो कोणी पोचेल तो आपला. भांडण तिच्याशी नाही. भांडण आहे ते सकाळी. सकाळी पोरगं सुटल्यावर जो कार्यकर्ता साहेबांचे आभार मानणारा बॅनर लावतो आणि कशासाठी उचललं होतं, अटकेची खबर घरच्यांना का दिली नाही, डायरीत काय लिहिलंय, हे विचारायला परत ठाण्यात जात नाही, त्याच्याशी. आणि फोन करायचाच तर त्यात मागायचं काय, त्यावरही. आपण मागतो, साहेब जरा बघा ना. बघा ना म्हणजे काय? गुन्हा नोंदवा आणि प्रत द्या, एवढं बोलायला लावा त्याला. तेही स्पीकरवर, सगळ्यांसमोर.

शांतता समितीत जाणाऱ्यांना पण दोन शब्द. जयंतीच्या आधी बोलावतात, वेफर्स, चहा, ओळखपत्र. डीजे दहाला बंद, मार्ग हाच, घोषणा जपून. आणि जाताना हातात नोटीस, पूर्वी कलम १४९ ची असायची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची: काही झालं तर तुम्हाला जबाबदार धरू. म्हणजे वर्षभर आपण दिलेल्या तक्रारींचं काय झालं ते त्यांनी सांगायचं नाही, न झालेल्या गुन्ह्याची हमी आपण द्यायची. चिंचोटीवरून जो रस्ता भिवंडीला जातो तिथं वेगळं करून दाखवलेलं आहे. १९७० ला आणि १९८४ ला दंगलीत जळालेलं गाव. १९८८ पासून तिथं उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं आणि हवालदार एकत्र बसवले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. त्यातलं घेण्यासारखं घ्या: मधला माणूस काढला तर पोलीस आणि लोक बोलू शकतात. पण जातीच्या अत्याचारात समेटाचं टेबल लावून घेऊ नका. तिथं दोन जमाती नसतात, एक मारणारा असतो आणि एक मार खाणारा, आणि त्यांना एका बाकावर बसवून चहा पाजणं हीच तर मावशीची गोष्ट आहे.

तेव्हा यंदा बैठकीला जाताना वही न्या. गेल्या वर्षात या ठाण्यात अ‍ॅट्रॉसिटीच्या किती फिर्यादी आल्या, किती नोंदल्या, किती जणांना प्रत दिली, ते विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव, हुद्दा, वेळ त्याच्यासमोर लिहा. पालघरच्या समितीची मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागवा, कोणते आमदार किती वेळा हजर होते ते त्यातच निघेल. सीसीटीव्ही समितीची बैठक कधी झाली, महापौरांना बोलावणं गेलं का, हे महासभेत विचारायला नगरसेवकाला लेखी द्या, पोच घ्या.

आणि प्रत्येक वस्तीनं आपापल्या प्रभागातल्या चौघा नगरसेवकांकडं एक कोरं लेटरहेड मागायला जायचं. त्यावर एवढंच लिहून घ्यायचं: “माझ्या प्रभागातली कोणीही व्यक्ती फिर्याद घेऊन आली तर ती लिहून घ्यावी, वाचून दाखवावी व प्रत लगेच द्यावी. परस्पर मिटवण्यासाठी माझा फोन आला तर त्याची स्टेशन डायरीत नोंद करावी.” खाली सही, तारीख, शिक्का. एक प्रत ठाण्याला, एक आयुक्तांना मीरा रोडला, एक आपल्याकडे. कोण सही करतो आणि कोण नंतर बघू म्हणतो, ती नावं प्रभागवार आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात छापू. संपादकांनी दोन पानं राखून ठेवावीत, स्टेन्सिलचा खर्च मी देतो.